बोटांना लागेल तेच

“बोटं मनगटावर, डोळे घड्याळावर आणि तोंड बंद. बोटं तीनच. अंगठा लावलात तर स्वतःचीच नाडी मोजत बसाल. आणि जे बोटांना लागेल तेच लिहायचं. बरं दिसावं म्हणून काही लिहायचं नाही.”

सिस्टरांचा हा आवाज रोज दुपारी याच वेळी मिठूच्या कानात येई. आजही आला. तिने आत्याचा हात उशीवर उताणा ठेवला, तीन बोटं टेकवली आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर यायची वाट पाहू लागली.

“आटपा, डॉक्टरीणबाई. इस्त्री तापलीय.”

“बोलू नकोस गं. चुकतं मग.”

“मी बोलल्याने माझी नाडी कशी चुकेल? ती तिचं काम करते, मी माझं.”

काटा बारावर आला. मिठू मोजू लागली. सतरा, अठरा, एकोणीस... आणि मग काहीच नाही. अजून एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं बोटांखाली झालं. मग एक ठोका घाईघाईने आला, उशीर झालेल्या माणसासारखा, आणि पुन्हा सगळं सुरळीत चालू. मिनिटभरात असं पाच वेळा झालं. काल चार वेळा झालं होतं.

“किती?”

“बहात्तर.”

“वा! म्हणजे अजून चालतेय गाडी.” आत्याने पदर खोचला आणि ती उठली. उठताना तिने टेबलाची कड धरली. मिठूने वहीत आज तिसावी ओळ भरली. तारीख, वेळ, ७२, आणि शेवटच्या रकान्यात: नियमित.

सिस्टर म्हणजे मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या मुख्य परिचारिका. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत त्या नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा वर्ग घेत. “परीक्षेत नाडी विचारत नाहीत, पण माझ्याकडे विचारतात,” असं म्हणून त्यांनी प्रत्येकीला नेम घालून दिला होता: तीस दिवस, रोज एकाच वेळी, घरातल्या एकाच माणसाची नाडी. चुकलं तर खाडाखोड करायची नाही. एक सरळ रेघ मारायची, वर खरं लिहायचं, बाजूला सही. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या मुलींना कोऱ्या वहीवर हात ठेवायला लावलं होतं. काही मुली हसल्या होत्या. मिठू हसली नव्हती. दिलेला शब्द तिला लहानपणापासून जड वाटे.

अठरा दिवस तिने बोटांना लागलं तेच लिहिलं. एकोणिसाव्या दिवशी पहिल्यांदा तो ठोका चुकला. तिने पुन्हा मोजलं. आपला अंगठाच लागला असेल, असं मनाला सांगितलं. अंगठा लागला नव्हता. तो तिच्या मुठीत घट्ट मिटलेला होता.

सांगायला हवं होतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण त्याच वेळी आत्या खालच्या नळावरून भरलेली बादली घेऊन दोन जिने चढून आली होती आणि धापा टाकत म्हणाली होती, “बघतेस काय? पुस्तकात बघ. परीक्षेपर्यंत या घरातल्या कामाला तू हात लावायचा नाहीस.”

आई गेल्यापासून घरात या दोघीच. वडील लांब पल्ल्याच्या ट्रकवर. महिन्यातून दोन दिवस ते पाहुण्यासारखे येत. आत्या बाहेरच्या खोलीत टेबल मांडून आसपासच्या घरांचे कपडे इस्त्री करी. मोठ्याने पाठ करण्याच्या सवयीवरून तिनेच भाचीचं नाव मिठू ठेवलं होतं. पहिल्या वर्षी मिठूचा प्रवेश चार गुणांनी हुकला. दुसऱ्या वर्षी फोटो पुसट म्हणून अर्जच परत आला. “नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं,” म्हणून आत्या हसली होती आणि तिसऱ्या वर्षीचा फोटो काढायला स्वतः बरोबर गेली होती. हे वर्ष शेवटचं. पुढच्या वर्षी मिठू वयाच्या अटीत बसणार नव्हती.

आत्ता सांगितलं तर डॉक्टर, मग तपासण्या, मग मोठं इस्पितळ. बारा दिवसांत अभ्यास कुठला आणि परीक्षा कुठली? परीक्षा झाली की त्याच संध्याकाळी सांगायचं, असं मिठूने ठरवलं. ठरवताना तिने देवाकडे पाहिलं नाही. त्या दिवसापासून ती रोज हात जोडी, पण मागणं काही मागत नसे. कोणत्या तोंडाने मागणार?

आज शनिवार. परीक्षा उद्या सकाळी दहाला, दुसऱ्या शहरात. दार साडेनऊला बंद होणार. चारच्या गाडीने जाऊन सिस्टरांच्या बहिणीकडे मुक्काम करायचा होता. पहाटेचीही एक गाडी होती, पण सिस्टरांनी बजावलं होतं, “त्या गाडीचा भरवसा धरू नका. ती कधी नवाला पोचते, कधी दहाला. गेल्या वर्षी माझी एक मुलगी बंद दारापुढे रडत उभी होती.”

बॅग खाटेवर तयार होती. प्रवेशपत्र वरच्या कप्प्यात. आत्या मिठूचे उद्याचे कपडे इस्त्री करत होती. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. मधेच थांबून ती तळहात छातीवर दाबी आणि पुन्हा पाण्याचा हबका मारी.

“तुला एक सांगू?” आत्या इस्त्री उभी ठेवत म्हणाली. “तुझ्या त्या वहीने माझं मोठं काम केलं.”

“काय?”

“अगं, मधे आठ-दहा दिवस छातीत कसंतरीच व्हायचं. पाखरू कोंडल्यासारखं. जिन्यावर डोळ्यांपुढे अंधारी यायची. शिंपीणबाई माझ्या मागेच लागल्या, डॉक्टरांना दाखवा म्हणून. बुधवारचा नंबरही लावला मी. तुला बोलले नाही. म्हटलं, पोरीचं चित्त कशाला विचलित करा.”

मिठूच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

“मग?”

“मग काय! मंगळवारी तू वर्गाला गेलीस, तेव्हा तुझी वही काढून बसले. माझं वाचन म्हणजे मुंगीची चाल, पण प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचलं. सगळीकडे नियमित, नियमित. म्हटलं, पोरगी रोज घड्याळ लावून मोजते, मोठ्या सिस्टरांच्या हाताखाली शिकते, आणि आपण मनाचे खेळ धरून बसलोय! नंबर शिंपीणबाईंच्या सासऱ्यांना देऊन टाकला.” ती हसली. “घरात नर्स असल्याचा आत्ताच फायदा.”

तिने इस्त्री पुन्हा उचलली. सदऱ्याची घडी अशी घातली, की दुकानातून आत्ताच आणल्यासारखा दिसावा. मिठू त्या घडीकडे पाहत राहिली. मग घड्याळाकडे. पावणेतीन. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा दवाखाना तीनला उघडे, शनिवारी तिथे रांग असे आणि रविवारी कुलूप.

ती खाटेवर बसली. वही मांडीवर घेतली, पट्टी लावली आणि एकोणिसाव्या ओळीतल्या त्या शब्दावर एक सरळ रेघ मारली. वर लिहिलं, ‘मधे ठोका चुकतो.’ बाजूला सही केली. मग विसाव्या ओळीवर. मग एकविसाव्या. बाराव्या सहीपर्यंत पेनचा दाब इतका वाढला होता, की मागच्या पानावर वळ उठले.

“हे काय आता? निघायच्या वेळेला लिहीत काय बसलीस?”

मिठूने वही तशीच उघडी तिच्यापुढे इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. आत्याने हात पुसले, ओळीखाली बोट धरलं. एक ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरीनंतर बोट वाचत नव्हतं, नुसतं खाली सरकत होतं. शेवटच्या ओळीवर, आजच्या, ते थांबलं.

“बारा दिवस?”

“हो.”

“म्हणजे मी खोट्यावर विसंबून पाणी भरत होते.”

आत्याने इस्त्रीची कळ बंद केली, वायर हळूहळू गुंडाळली. मग ओरडली नाही, तेच मिठूला झेपेना.

“लबाड आहेस,” आत्या म्हणाली. “माझीच भाची. मी तरी कुठे सांगितलं तुला नंबर लावलेला?”

“तुझं तसं नव्हतं.”

“नव्हतंच. पण आता गाडीची वेळ झाली. तू परीक्षा दे. मी सोमवारी दाखवते.”

“परीक्षा झाली की, परीक्षा झाली की, असं मीच बारा दिवस म्हणत होते.”

“अगं पण वर्ष गेलं म्हणजे गेलं! पुढच्या वर्षी तुला दारात तरी उभं करतील का?”

मिठूने कोनाड्याखालून आत्याच्या चपला काढल्या आणि तिच्या पायांपुढे सरळ मांडून ठेवल्या. प्रवेशपत्र बॅगेतून काढून वहीत ठेवलं आणि वही काखेत घेतली. आता उरली पहाटेची गाडी. ती नवाला पोचेल की दहाला, ते आज कोणाला विचारण्यासारखं नव्हतं.

आत्याने चपलांकडे पाहिलं. मग तिने भिंतीला हात टेकून एकेक पाय आत सरकवला.

“तुझ्या त्या सिस्टरांना काय सांगशील?”

“वही दाखवेन.”

बॅग खाटेवरच राहिली, शेजारी इस्त्री केलेला सदरा. जिन्यात मिठूने आत्याला भिंतीच्या बाजूने घेतलं. दोन पायऱ्या, मग थांबायचं. पुन्हा दोन पायऱ्या. नळापाशी रिकामी बादली उपडी होती. आत्याने सवयीने तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

रस्त्याला लागल्यावर आत्याचे पाय आपोआप गाडीच्या थांब्याकडे वळले. मिठूने तिचं मनगट धरलं आणि तिला हळूच दुसऱ्या बाजूला वळवलं.

“आता काय मोजतेस? वही भरली की.”

तीन बोटं टेकवून, अंगठा बाजूला ठेवून, मिठू दवाखान्याच्या दिशेने चालू लागली.