पुसट रेघा

"रुपालीताई, हे बघा जरा. सगळ्या रेघा एकमेकींना चिकटल्यात." दिपेशने सिलिकॉनची चकती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

रुपाली भोईरने डोळा लावला. रेघा पुसट होत्या खऱ्या. पण तिला हल्ली सगळ्याच चकत्या अशा दिसत.

मानपाड्याच्या या कारखान्यात नवजात बाळांच्या श्वासयंत्रांसाठी दाब मोजणाऱ्या चिप बनत. चकतीवर प्रकाशाने बदलणारा पातळ थर द्यायचा, नक्षीच्या काचेतून त्यावर प्रकाश टाकायचा, मग रसायनात धुवायचं. प्रकाश पडला तिथला थर निघून जाई आणि नक्षी उरे. पिवळ्या दिव्यांच्या खोलीत बसून रुपाली ती नक्षी तपासायची. तिने पास म्हटलेली चकती पुढे कोणी पुन्हा बघत नसे.

दिवाळीनंतर कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्याच्या पडद्याची आनुवंशिक झीज सुरू झालीय. तिची आई मिठागरात राबायची. आईची नजर गेली, तेव्हा सगळ्यांनी मिठावरच्या उन्हाला दोष दिला होता. रुपालीने हे घरीच सांगितलं नव्हतं, तर इथे कुठून सांगणार?

"थर जाड बसला असेल," ती कसंबसं म्हणाली.

"मोजला मी. बरोबर आहे. दिवा पण नवा कोरा, परवाच लावलेला. मीटर जुन्याइतकाच प्रकाश दाखवतोय."

इंजिनिअर दक्षता आत आली. तिने दिव्याचा कागद पाहिला. "अरे दिपेश, जुन्या दिव्याची तरंगलांबी ३६५ नॅनोमीटर होती. हा ४०५ चा आहे. प्रकाश तेवढाच पडतो, पण आपला थर ह्या तरंगलांबीचा प्रकाश कमी शोषतो. प्रकाशाचा डोस वाढवावा लागेल, नाहीतर तळाला थर राहणारच."

"म्हणजे जास्त वेळ धरायचा?"

"हो. करून बघू ना."

नवी चकती जास्त वेळ प्रकाशात ठेवली, धुतली, वाळवली. दिपेशने आधी पाहिलं. "एकदम कडक! सुरीने कापल्यासारख्या आल्यात. ताई, घ्या, पास करून टाका."

रुपाली पुढे झाली. तिने भिंग फिरवलं, पुन्हा फिरवलं. रेघांच्या कडा कापसासारख्या होत्या. हो म्हटलं असतं तर कोणाला कळलंही नसतं.

"मॅडम," ती म्हणाली, "मला नाही दिसत."

"फोकस हललाय का?"

"फोकस नाही, माझे डोळे गेलेत. काल नव्या दिव्यावरच्या चकत्या मीच पास केल्यात. त्या परत बघा."

दिपेश कपाटाकडे धावला. कालच्या चकत्यांचा डबा अजून तिथेच होता. दक्षताने पहिली चकती उचलून भिंगाखाली धरली.

"हिच्यात पण थर राहिलाय," ती हळूच म्हणाली. मग तिने रुपालीच्या दंडावर हात ठेवला. "ताई, घरी कोणाला माहितीये?"

रुपालीने मान हलवली. नाही.

डब्यातल्या बाकीच्या चकत्या आता दक्षताला तपासायच्या होत्या. रुपाली उठली. दक्षता तिच्यापेक्षा उंच होती. रुपालीच्या मापाच्या खुर्चीवर बसली असती तर तिला वाकावं लागलं असतं. रुपालीने खाली बसून चाचपडत खटका शोधला आणि खुर्ची दक्षताच्या मापाला खाली केली.