गोजाबाईचा बिल्ला

बस की हितं दवाखान्याच्या पायरीवर. गोजाबाईला बघायला वर जायच्या आदी एक गोष्ट सांगतो, ती ऐकूनच जा.

तिच्या नवऱ्याची, सांगोल्याकडच्या ज्ञानबाची मेंढरं तुला ठावं हायत. मेंढराचा विमा काडला की सायेब त्याच्या कानात बिल्ला ठोकतो. बिल्ला असला तर भरपाई, न्हायतर न्हाय. ज्ञानबाला विमा म्हंजी तेवडाच कळायचा.

माणसांचा विमा, दवाखान्याचा, धनाजी भरायचा, थोरला पोरगा, नवी पेठेत कापडाच्या दुकानात हाय त्यो. औंदा त्याचा फोन आला. "आबा, हप्ता लई वाडवलाय. दोगांचा झेपंना. कुणाचं नाव ठिवू?"

ज्ञानबानं मेंढरागत इचार केला. समद्यांचा झेपत नसला तर आदी एडक्याला बिल्ला. म्हनला, "माजं ठिव." आन गोजाबाईला सांगितलं, दोगांचाबी हाय.

आन पडली कोन? गोजाबाई. हौदापाशी पाय सरकला, खुबा मोडला. सरकारी दवाखान्यात तारीख लांबची दिली. हितं आणली तर म्हनले, सरकारी योजनेत हे आपरेशन बसत न्हाय. मग ज्ञानबानं इम्याचं कार्ड काडलं. खिडकीवरच्या पोरीनं बघितलं.

"आजोबा, यात तुमचंच नाव आहे. पेशंट तुम्हीच का?"

"न्हाय बाई. मी धडधाकट हाय."

फुडच्या बाजाराला मेंढरं टेम्पोत चडली. एडकाबी चडला. टेम्पो गेल्यावर ज्ञानबाच्या हातात काठी तेवडी राहिली, ती कुटं ठिवावी त्येच त्याला कळंना.

आपरेशन झालं. गोजाबाई शुद्धीवर आली तर मनगटाला नाव लिवलेली पट्टी. दवाखान्यात समद्यांनाच बांदत्यात की ती. पर तिनं हात वर करून बघितला.

"आवं, ह्योच व्हय माजा बिल्ला?"

"व्हय."

"कानात न्हाय ठोकला, तेवडं बरं झालं!" पोट धरून हसली. मग म्हनली, "मेंढरं कोन राखतंय?"

"हायत," ज्ञानबा म्हनला. तिचं पांघरूण सारकं करत म्हनला, "भाऊ राखतोय."

तवापास्नं ती पट्टी भिजू देत न्हाय. अंग पुसायला सिस्टर आली की हात उंच धरती. ज्ञानबा समोर बसून बगतो. नुस्ता बगतो.

आता जा वर. पर एवडं कर गड्या. तिनं मेंढरांचं इचारलं तर म्हन, येताना दिसली, माळावर चरत हुती. आन त्या पट्टीला हसू नगंस.