जळलेल्या पँटचा नवा पत्ता

बायको शिवणकामाची वेबसाइट चालवायची. फाटलेलं, उसवलेलं, जळलेलं कसं दुरुस्त करावं, हा तिचा विषय. आणि उदाहरणाला नवरा घरातच होता. 'आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे पेपर वाचत इस्त्री केली आणि पँट जाळली' हा तिचा साधासुधा मथळा. बाकीचे याहून तिखट.

ती गेल्यावर तिकडे नवं माणूस फिरकेना. ओळखीच्या दोन-चार बायका यायच्या आणि हळहळून जायच्या. त्याला हळहळ नको होती. बायकोला ओळखत नसलेल्या कुणीतरी तिचं वाचावं, एवढंच हवं होतं.

"येणार कसे?" मुलगी म्हणाली. "पानांचे पत्ते बघा. प्रश्नचिन्ह आणि पुढे आकडा. लोक शोधतात 'जळलेली पँट', तर पत्त्यातही तेच शब्द हवेत. सेटिंगमध्ये आकड्यांऐवजी शब्द निवडा आणि मधली भरताड काढून टाका."

"भरताड कुठली?"

"आमच्या ह्यांनी, नेहमीप्रमाणे, वगैरे."

"म्हणजे मी."

"हो बाबा, तुम्हीच."

मुलगी कामावर गेली. त्याने एका बोटाने सेटिंग बदललं आणि पँटचं पान उघडलं. नको ते शब्द खोडले. 'जळलेली-पँट-दुरुस्ती' एवढंच उरलं. दुकानावरची पाटी वाचल्यासारखं वाटलं. त्यात बायको कुठेच नव्हती. त्याने ते पुसलं आणि अख्खा मथळाच पत्त्यात घातला, दोन शब्दांमध्ये एकेक आडवी रेघ देऊन. पत्ता चौकटीत मावेना. तो मात्र खूश होऊन पुढच्या पानाकडे वळला.

दुपारी मेहुणीचा फोन आला.

"भावोजी, काय करून ठेवलंत? ताईचं एक पान उघडेल तर शपथ! 'पान सापडत नाही' म्हणतंय."

"आहे की जागेवर. फक्त पत्ता बदललाय."

"मग आम्हाला कोण सांगणार? माणूस घर बदलताना शेजारी तरी सांगून जातो! ताई म्हणायची तेच खरं. तुमच्या हातात काही दिलं की ते जळतं, नाहीतर उसवतं."

संध्याकाळी मुलीने सगळं पाहिलं आणि ती हसत खुर्चीत बसली. "बाबा, हा पत्ता आहे की फिर्याद?"

"फिर्याद तर फिर्याद. मला काढलं की तीही जाते त्यातून."

मुलीचं हसू थांबलं. तिने खुर्ची जवळ ओढली.

"अहो, पत्ता वेगळा आणि मथळा वेगळा. पत्ता छोटा केला तरी पानावर आईचा मथळा तसाच राहतो. दारावरची पाटी छोटी केली म्हणून घरातली बाई गप्प बसते का?"

"ही तर मुळीच बसायची नाही," तो म्हणाला आणि लगेच सरकून मुलीला जागा दिली.

तिने पत्ते आखूड केले. जुन्या पत्त्यावर आलेलं माणूस आपोआप नव्या पत्त्यावर जाईल, अशीही सोय केली. मेहुणीने उघडून पाहिलं आणि 'जमलं एकदाचं' असं तोंडदेखलं कौतुक केलं.

त्यानंतर तो रोज उठल्या उठल्या वेबसाइट उघडून बसू लागला. चहा निवून जायचा. काहीच नसायचं. मुलगी म्हणायची, "शोधणाऱ्यांना दिसायला वेळ लागतो, बाबा. पेरलं की लगेच उगवतं का?"

मग एका सकाळी अडकलेल्या चेनच्या पानाखाली एका अनोळखी बाईचा मजकूर दिसला. 'ताई, चेनवर मेणबत्ती घासली आणि जॅकेट वाचलं. पण तुमचे मिस्टर म्हणजे धन्य! चेन उघडायला पक्कड घेतात? आणि वर तुम्हालाच विचारतात, तुटली कशी म्हणून? तुमच्या सहनशक्तीला नमस्कार.'

त्याने दोनदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"अगं, लवकर ये!" तो ओरडला. "शिव्या आल्यात!"

मुलगी ब्रश तोंडात धरूनच धावत आली. "कुणाला?"

"मला!" तो म्हणाला आणि तिला बसायला खुर्ची ओढली.