बार्तेलेमीचा कोपरा

मोंतेर्गच्या बुरुजाला पोट सुटलंय, हे आन्सेल्मला तीन हिवाळ्यांपूर्वीच कळलं होतं. उत्तरेची भिंत दोन पुरुष उंचीवर हळूहळू बाहेर येत होती. एक्याऐंशी वर्षांचा गवंडी तो, भिंतीकडे नुसतं पाहिलं तरी तिचं दुखणं ओळखायचा. पण किल्ल्याच्या चाव्या त्याच्याकडे, रविवारी येतील त्या चार टाळक्यांना किल्ला दाखवायचं काम त्याच्याकडे. मग काय, घरच्या माणसाचा आजार झाकावा तशी त्याने ती बाजू झाकली. लोकांना तिकडे न्यायचं बंद केलं आणि काटेरी झुडपं मुद्दाम माजू दिली.

बाकी मात्र तो भरभरून सांगायचा. बुरूज आठशे वर्षांचा, पायथ्याशी भिंत अडीच मीटर जाड. जाड म्हणजे अखंड दगड नव्हे हं. बाहेरून घडीव दगडांचं एक कवच, आतून एक, आणि मधल्या पोकळीत गोटे नि चुना ठासलेला. दार जमिनीवर नाहीच, पहिल्या मजल्यावर. शिडी वर ओढून घेतली की शत्रूने खाली खुशाल माश्या मारत बसावं. पुढे राजाचं फर्मान आलं आणि वरचा मजला उतरवला. मग राज्यक्रांती झाली आणि पडलेले दगड गावाने पळवले. गावात असा गोठा नाही की ज्याच्या चौकटीला सरदाराच्या किल्ल्याचा दगड नाही. सगळ्यात शेवटी तो वायव्येच्या कोपऱ्यात भिंतीबाहेर लोंबणारा दगडी संडास दाखवायचा. लोक हसायचे, फोटो काढायचे. मग तो म्हणायचा, "हे सगळं आम्ही सावरलं. माझ्या बापाने आणि मी." कोणी काय सावरलं, ते मात्र कधी सांगायचा नाही.

आता खरं काय ते सांगायलाच हवं. बाप बार्तेलेमी जुन्या वळणाचा गवंडी. चुना खड्ड्यात दोन वर्षं मुरल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. तो संडासाचा एक कोपरा नीट करायला त्याने तीन उन्हाळे घेतले. एकाहत्तर साली आन्सेल्म अठ्ठावीस वर्षांचा होता, अंगात रग होती. दोन दोस्तांना घेऊन त्याने एका उन्हाळ्यात उरलेल्या सगळ्या भिंतींच्या दगडांमधल्या दरजा सिमेंटने भरून टाकल्या. बाप परांचीखाली उभा राहून एवढंच म्हणाला, "भिंतीला घाम येतो रे. तो बाहेर पडायला वाट ठेव."

आन्सेल्म वरून हसला होता. "बाबा, तुमचा चुना नखाने निघतो. याच्यावर छिन्नी चालवून दाखवा."

बापाने छिन्नी काही चालवली नाही. थापी पुसली, घरी गेला आणि पुन्हा कधी ती टेकडी चढला नाही. बारा वर्षांनी वारला. ते दोघे दोस्तही गेले. गाव रिकामं झालं, आणि तो उन्हाळा आठवणारी दोनच माणसं उरली, आन्सेल्म आणि त्याची बायको मॉरिसेत.

यंदा ऑक्टोबरात सरकारी वास्तुतज्ज्ञ बुरूज तपासायला आल्या. मादाम रोझिए, किडकिडीत बाई, हातात छोटीशी हातोडी. बरोबर मेयर क्लेमां होता, सहा वर्षांपूर्वी शहरातून येऊन इथे रमलेला, मनाने चांगला माणूस. आन्सेल्मने दाढी केली होती, लग्नामयताचा कोट घातला होता. बाईंनी चांगला शेरा दिला तर दुरुस्ती होणार होती. आपण गेल्यावर बुरूज उभा राहावा, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

बाईंनी सरळ ती झुडपंच बाजूला केली. हातोडीने ठोकलं, भिंत पोकळ वाजली. एक दरज फोडून त्यांनी सळई आत घातली, तर काळा ओला चिखल बाहेर आला. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं आन्सेल्मला वाटलं. त्यांनी समजावून सांगितलं, सिमेंटने पाणी आत कोंडलं, पन्नास वर्षांत मधला चुना धुऊन गेला, आता दोन कवचांमध्ये हा गाळ आहे. दर हिवाळ्यात तो गोठतो आणि भिंतीला बाहेर ढकलतो. सिमेंट काढलं तर कवच सुटेल, ठेवलं तर आतलं आणखी कुजेल.

"मग करायचं काय?" मेयरने विचारलं.

"कुंपण घाला," बाई म्हणाल्या. "आणि खाली कोणाला उभं राहू देऊ नका."

मग त्यांनी वही उघडून विचारलं, हे काम कोणी केलं? मेयरने म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला आणि त्याला दया आली. तोच बोलून गेला, की यांचे वडील बार्तेलेमी फाब्रेग गवंडी होते, ऑफिसात त्यांचा परांचीवरचा फोटो आहे, त्यांचंच असणार. जुनी माणसं, त्यांना कुठे माहीत होतं?

"वडिलांनीच ना?" बाईंनी आन्सेल्मकडे पाहिलं.

नाही म्हणायला काय लागतं? एक शब्द. पण त्या शब्दाबरोबर रविवार जाणार होते, चाव्या जाणार होत्या, पन्नास वर्षांचा मान जाणार होता.

"फार जुनी गोष्ट आहे," तो म्हणाला. बाईंनी लिहून घेतलं.

घरी मॉरिसेत कोबीच्या सूपमध्ये पाव कुस्करत होती. सासऱ्याच्या कोटावरचा चुना तिने सतरा वर्षं धुतला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेलेला माणूस उलटून बोलत नाही. बरा सापडला तुला." मग वाडगा त्याच्यापुढे सरकवून, "उद्या जाऊन खरं सांगून ये."

उद्या जातो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पाऊस होता, तिसऱ्या दिवशी गुडघा दुखत होता. असं करत नोव्हेंबर संपला. कुंपण आलं आणि कुंपणावर पाटी आली. मेयर पडला हौशी, त्याने बाईंच्या अहवालातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं: गवंडी बार्तेलेमी फाब्रेग यांच्या चुकीच्या दुरुस्तीमुळे बुरूज धोकादायक झाला आहे. त्या दिवसापासून मॉरिसेत नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

फेब्रुवारीत थंडी मोडली आणि ऐन दुपारी, गाव जेवायला बसलेलं असताना, बुरूज पडला. दगडांची गाडी ओतावी तसा आवाज, आणि नंतर बराच वेळ धुरळा. आन्सेल्म धापा टाकत वर पोचला तेव्हा बाकीचे तिन्ही कोपरे कोसळले होते. एकच कोपरा ताठ उभा होता, आणि त्याला लोंबणारा तो संडास. त्याची एकही दरज हलली नव्हती. त्याने कुंपण ओलांडलं आणि नख लावून पाहिलं. चुना खरंच नखाने निघत होता.

तिथून तो तसाच मेयरकडे गेला. टोपी हातात घेऊन सगळं सांगितलं. साल सांगितलं, दोस्तांची नावं सांगितली, बाप खाली उभा राहून काय म्हणाला तेही सांगितलं. "मी केलं. त्याने फक्त तो कोपरा केला, आणि तोच उरलाय."

क्लेमांचे डोळे भरून आले. उठून त्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आन्सेल्मकाका, या वयात बापाचं पाप स्वतःच्या माथी घेताय? आणि तो कोपराही त्यांना देऊन टाकताय? 'बापाने आणि मी' असं दर रविवारी तुम्हीच सांगायचात, मग न पडलेला तो तुमचाच, मला काय कळत नाही?"

आन्सेल्म ओरडला, रडला. क्लेमांने त्याला पाणी दिलं आणि घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी मॉरिसेत स्वतः जाऊन सांगून आली. त्यावर मेयर म्हणाला, असं एकदिलाने राहणारं कुटुंब शहरात बघायला मिळत नाही.

मे महिन्यात नवी पाटी लागली. जुनं वाक्य तसंच होतं, खाली एक ओळ वाढली होती: उरलेला कोपरा त्यांचे पुत्र आन्सेल्म यांनी पारंपरिक चुन्याने सावरला. टेकडीवर वाईन होती, तीस-चाळीस माणसं होती. दोन शब्द बोला म्हणून आन्सेल्मला पुढे केलं. त्याने पाटीवर हात ठेवला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाला, "हे खोटं आहे. हा कोपरा माझ्या बापाचा आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई डोळे पुसत म्हणाली, मुलगा असावा तर असा.

मॉरिसेतने टाळी वाजवली नाही. तिने पेला न चाखताच खाली ठेवला, शालीचं टोक खोचलं आणि कब्रस्तानाच्या वाटेने, सासऱ्याच्या थडग्याकडे, एकटीच उतरू लागली. आन्सेल्मला तिच्यामागे जायचं होतं. पण माणसं हात मिळवायला रांगेत उभी होती.