लाँड्रीची गाडी

विटांनी भरलेल्या ट्रकच्या मागे येताच थोरलीने गिअर दुसऱ्यावर आणला आणि त्याच क्षणी शेजारी बसलेल्या आईने स्वतःच्या पायाशी असलेला ब्रेक दाबला. गाडी गचका खाऊन बंद पडता पडता राहिली. थोरली लोकांना गाडी चालवायला शिकवायची, त्यामुळे तिच्या गाडीला दोन्हीकडे ब्रेक होते.

“आई, पाय मागे घे.”

“घेतले,” असं म्हणून आई पाय दुमडून बसली.

दोघी बाबांना आणायला निघाल्या होत्या. चढणीच्या वरच्या गावातल्या हॉस्पिटलात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आठ दिवसांनी आज घरी सोडणार होते. रस्ता अरुंद, वळणं आंधळी. पुढे काढायची सोय नव्हती. ट्रक धूर सोडत, कण्हत चढत होता. आई थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, हा तरी बरा, आपल्या गाडीपेक्षा जोरात आहे.

आपली गाडी म्हणजे लाँड्रीची गाडी. एका सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि वर पत्र्याचा डबा. बाबांची लाँड्री चढणीच्या खालच्या वस्तीत होती. हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे अंगरखे असं सगळं तिथे धुवायला यायचं. आठवड्यातून दोनदा सकाळी इस्त्रीची गाठोडी वर जायची आणि मळकी खाली यायची. वर जाताना दोघी बहिणी स्वच्छ गाठोड्यांवर बसत. शाळा वरच होती. खाली येताना मात्र मागे बसायची सक्त मनाई, मग पुढे आईच्या मांडीवर कोंबून घ्यायचं.

सपाटीवर ती गाडी कशीबशी तिशी गाठायची. चढणीला लागली की काटा बाराच्या वर हलायचा नाही. शेजारी विचारत, गाडी चढते की चढणच खाली सरकते? पोस्टमन पायथ्याशी सायकलवरून यायचा, मागच्या दाराची कडी धरायचा आणि स्वतःला फुकटात वर ओढून घ्यायचा. एकदा त्याला बाबांचं रजिस्टर पत्र द्यायचं होतं. सायकल एका हाताने ढकलत तो खिडकीशी चालत आला, पाकीट दिलं, सही घेतली, पेन परत घेतलं, आणि गाडी काही थांबली नव्हती. धाकटी हा किस्सा घरातल्या प्रत्येक समारंभात सांगायची. तिच्या तोंडून ऐकताना पोस्टमन दर वर्षी आणखी दोन पत्रं वाटायचा.

पुढचा भागही ती रंगवून सांगायची. पायथा आला की आई गाडीतून उतरे. तेवढंच वजन कमी, म्हणे. खांद्याला पिशवी लावून ती वळणं तोडत जाणाऱ्या पायवाटेने चालू लागे आणि गाडीच्या कितीतरी आधी माथ्यावर पोहोचे. इकडे शेवटच्या वळणाआधी गाडी तापायचीच. बाबा ती बाजूला घेत, बॉनेट उघडत आणि इंजिनकडे बघत उभे राहत. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मुली रस्त्याकडेचे दगड गोळा करत. मग बाबा कॅनमधलं पाणी ओतत, बॉनेट आपटत, गाडी वर येई आणि माथ्यावर, जिथे एक रस्ता गावात आणि दुसरा डोंगरापलीकडे जातो तिथे, आई उभी असे.

थोरली एकोणीस वर्षांची असताना बाबांच्या पाठीने दगा दिला. पुढची चार वर्षं गाडी तिने चालवली. पाय फळीला टेकेपर्यंत अॅक्सिलरेटर दाबायचा आणि काही होत नाही हे बघत राहायचं. लहान पुलाजवळ दुसऱ्यावरून पहिल्यावर यायचं, हातभर आधी नाही आणि हातभर नंतर नाही, कारण चुकलं की गाडी जागीच बसायची. गिअर बदलताना ती नकळत पुढे वाकायची, जणू तिच्या वाकण्याने गाडीला बळ मिळणार होतं. मागे गाड्यांची रांग लागायची, हॉर्न वाजायचे, शिव्या यायच्या. कान बंद कसे करायचे ते ती तिथे शिकली. आईचं बरोबर येणं तोवर केव्हाच बंद झालं होतं. तिच्या जागी एक गाठोडं जास्त असायचं.

एक गोष्ट मात्र व्हायची नाही. शेवटच्या वळणावर गाडी कधीच तापली नाही. उन्हाळ्यात नाही, भरल्या वजनाने नाही. पाण्याचा कॅन चार वर्षं तसाच भरलेला फिरला. तिने एकदा बाबांना विचारलं, तेव्हा ते इस्त्री थांबवून म्हणाले, “तुझा हात हलका आहे.”

बाबा कुणाचं कौतुक करणाऱ्यांतले नव्हते. ते एक वाक्य तिने जपून ठेवलं. पुढे लाँड्री बंद झाली, नोकऱ्या दोन-तीन झाल्या, आणि मग तिने ड्रायव्हिंग स्कूल काढलं ते त्या वाक्याच्याच भरवशावर. नवख्या शिकाऊंना ती आजही सांगायची, गाडी तापते ती चालवणाऱ्यामुळे.

ट्रकने वळणावर जवळजवळ थांबून पुन्हा जोर धरला. थोरलीने आईला म्हटलं, आज धाकटी बरोबर असती तर पोस्टमनचा किस्सा पुन्हा झाला असता, आणि तू वजन कमी करायला उतरायचीस तोही.

“वजन कमी करायला नव्हते उतरत मी,” आई म्हणाली.

“मग?”

आईने पदराने काच पुसली. काच स्वच्छच होती.

“वर माझ्या माहेरची बस लागायची. पलीकडच्या रस्त्याची.”

थोरलीने ट्रकवरची नजर काढली नाही. आई सांगत गेली, तिच्या नेहमीच्या आवाजात, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. लग्नाआधी ती माहेरच्या गावातल्या शाळेत शिकवत होती. वर्षभरासाठी म्हणून शाळा सोडली, ती सुटलीच. हॉस्पिटलचं काम मिळालं आणि इस्त्रीला दोन हात हवे होते. हाताची सालं सोड्याने जात होती. एका दुपारी यावरून कडाक्याचं भांडण झालं. बाबा म्हणाले, जायचं असेल तर जा, मी आडवा येणार नाही. बोलले आणि चादरी वाळत घालायला गेले. त्यानंतर हा विषय घरात कधीच निघाला नाही.

“पिशवीत कपड्यांचा एक जोड असायचा,” आई म्हणाली. “तुम्हाला वाटायचं डबा आहे.”

“किती दिवस?”

“दोन वर्षं असतील. कंडक्टर आधी विचारायचा, येणार का बाई म्हणून. मग त्यानेही विचारायचं सोडलं.”

“आणि आम्ही?”

“तुम्ही गाडीत होतात.”

ट्रकने धूर सोडला तशी थोरलीने गाडी जरा मागे ठेवली.

“दर वेळी वाटायचं, पुढच्या खेपेला जाऊ,” आई म्हणाली. “बस निघून जायची, आणि मग तुमची गाडी यायची. तुमची गाडी आधी आली असती तर प्रश्नच नव्हता. पण ती कधी आधी आली नाही.”

शेवटचं वळण आलं. डाव्या हाताला रस्त्याकडेला बाबा गाडी उभी करायचे ती मातीची सपाट जागा होती, एक गाडी जेमतेम मावेल एवढी. थोरलीने तिच्याकडे पाहिलं. मग गिअर बदलायला तिला थोडा उशीर झाला आणि गाडीने दोन हिसके दिले. एखाद्या शिकाऊने असे दिले असते तर ती काहीतरी बोलली असती.

हॉस्पिटलात कागदांवर सह्या झाल्या. वॉर्डबॉयने बाबांना खुर्चीवरून खाली आणलं. पुढच्या सीटवर पाय मावेना, म्हणून त्यांना मागे बसवलं, दाराला पाठ टेकवून, ऑपरेशनचा पाय सीटवर लांब सोडून, खाली उशी देऊन. आई पुढे बसली. औषधांची पिशवी तिने मांडीवर घेतली आणि कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, हे मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा हं हं करत राहिले. हॉस्पिटलच्या चादरी आता बाहेरच्या कंपनीकडे जातात आणि त्यांना नीळ अजिबात कळत नाही, एवढं मात्र ते आपणहून म्हणाले.

गाव संपलं आणि दोन रस्त्यांची जागा आली. समोरून गुरं येत होती, थोरलीला गाडी उभी करावी लागली. डावीकडे डोंगरापलीकडे जाणारा रस्ता रिकामा होता. बाबांनी खिडकीतून तिकडे पाहिलं.

“नऊ चाळीसची बस होती इथे,” ते म्हणाले. “कधी म्हणून वेळेवर आली नाही.”

थोरलीने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

“एकदा तर साडेदहा वाजवले तिने. पोरींची शाळा बुडाली त्या दिवशी. वळणावरून तिचा आवाज यायचा, सुटली की.”

गुरं एकेक करून गेली. शेवटची गाय दोन रस्त्यांच्या मधोमध उभी राहिली, आणि हाकणाऱ्याने पाठीवर थाप मारल्यावर हलली. रस्ता मोकळा झाला तरी थोरलीने गाडी पुढे घेतली नाही. आईने औषधांची चिठ्ठी घडी घालून पिशवीत ठेवली. घडी नीट बसली नव्हती, म्हणून पुन्हा काढून घातली.

“जरा थांब,” ती म्हणाली आणि दार उघडून उतरली.

ती गाडीच्या मागून वळसा घेऊन पलीकडे गेली. मागचं दार उघडून तिने बाबांचा पाय उशीसकट दोन्ही हातांनी अलगद उचलला, रिकाम्या झालेल्या जागेत स्वतः बसली आणि उशी मांडीवर घेऊन पाय त्यावर ठेवला.

“डॉक्टरांनी पाय हलवू नका म्हटलंय,” बाबा म्हणाले.

“मी कुठे हलवतेय.”

तिने दार ओढून घेतलं. बाबांनी आपल्या बाजूची काच खाली केली, बाहेर बघितलं, आणि काही कारण नसताना ती पुन्हा वर घेतली.