मास्तरांचा श्वास

"श्वास रोखा," सोनोग्राफीच्या डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी प्रोब बरगडीखाली दाबून धरला. मास्तरांनी छाती फुगवली, डोळे मिटले. पडद्यावर लाल-निळे ठिपके जरा कुठे स्थिरावतात तोच त्यांना खोकल्याची उबळ आली आणि सगळं विस्कटलं.

"काका, फक्त दहा आकडे मोजेपर्यंत."

"वय झालं हो. इंजिन जुनं, धूर जास्त."

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या त्यांच्या मुलीने दात आवळले. हा तिसरा खेटा होता. दर वेळी त्यांना उपाशीपोटी आणायचं, रांगेत बसायचं, आणि आत गेलं की बाबांना खोकला यायचा, नाहीतर उचकी, नाहीतर एखादा विनोद आठवायचा. किडनीच्या डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितलं होतं, की किडन्यांना रक्त कितपत पोचतंय ते कळल्याशिवाय पुढचं काही ठरवता येणार नाही. अजून काही काळ औषधांवर निभावेल, की नवी किडनी बघायला लागायचं, सगळं या तपासणीवर अडलं होतं आणि तपासणी बाबांच्या खोकल्यावर. तिचं डोकं नुसतं भणभणत होतं. ऑफिसात रजा मागायला आता तोंड उरलं नव्हतं.

"पुन्हा. हं, रोखा."

"हे जेल फ्रीजमध्ये ठेवता का हो?" मास्तरांनी विचारलं, आणि पडदा पुन्हा गढूळला.

डॉक्टरांनी प्रोब खाली ठेवला. "असंच चालणार असेल तर तपासणी होऊ शकली नाही असं लिहून देते मी. बाहेर माणसं ताटकळली आहेत."

"द्या की लिहून," मास्तर म्हणाले. इतक्या लगबगीने म्हणाले, की मुलीने चमकून मान वर केली.

या माणसाने उभा जन्म तलावावर पोरांना पोहायला शिकवण्यात घालवला होता. पोरं पाय नीट मारतात की नाही ते बघायला तो पाण्याखाली जाऊन बसायचा. काठावरच्या आयांचा जीव टांगणीला लागायचा, तरी हा वर यायचा नाही. आला तरी धापेचं नाव नाही. त्याला आज दहा आकडे जमत नव्हते. आपण किती बावळट, असं तिला वाटलं. जेवताना ती एकदा सहज म्हणाली होती, लागलीच तर माझी किडनी देईन. बाबा ताटावरून उठून गेले होते. खोकला त्यानंतरचा होता. तिचा राग निवला नाही, उलट दुप्पट झाला.

"डॉक्टर, एक मिनिट," म्हणत ती टेबलापाशी गेली. "बाबा, माझी किडनी तुम्हाला जुळत नाही."

मास्तरांनी डोळे उघडले.

"मागच्या आठवड्यात तपासून घेतलं. तुमच्या रक्ताचा नमुना होताच किडनीच्या डॉक्टरांकडे. आता खोकून काही उपयोग नाही."

"खरंच?"

"खरंच."

तपासून घेतलं होतं, एवढं खरं होतं. बाकी सगळं धडधडीत खोटं. किडनी अगदी छान जुळली होती.

मास्तर टेबलावर सरळ झाले. मग म्हणाले, "घ्या डॉक्टर."

या वेळी त्यांनी छाती फुगवली नाही. मुकाट्याने श्वास आत घेतला आणि तो तिथेच ठेवला. डॉक्टरांनी एका बाजूचं माप घेतलं, पडद्यावरच्या लाटा तपासल्या, पुन्हा तपासल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली. श्वास सोडा म्हणायचं त्या विसरूनच गेल्या. मग आठवण होऊन त्यांनी सांगितलं, आणि मास्तरांनी तो सावकाश सोडला. दुसरी बाजूही तशीच झाली.

डॉक्टर मुलीला दाराशी घेऊन गेल्या. "रिपोर्टची वाट बघू नका. किडनीच्या डॉक्टरांना आजच भेटा. मी फोन करून ठेवते."

"दोन्हीकडे रक्त कमी?"

"दोन्हीकडे."

ती परतली तेव्हा मास्तर पोटावरचं जेल पुसत होते. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता.

"वाईट वाटून घेऊ नकोस," ते म्हणाले. "नाही जुळली तर नाही जुळली. त्यात तुझा काय दोष?"

तिने त्यांच्या शर्टाची बटणं लावायला घेतली. एक चुकलं, ते काढून पुन्हा लावलं.

"अजून चिडलीयेस?"

"हो," ती म्हणाली. "आज मी चिडून घेते. उद्या तुमची पाळी."