गोकुळदासांचा डोळा आणि मी, शेकाची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी रबराची पिशवी. माझ्या पोटात गरम पाणी भरायचं आणि दुखऱ्या अंगाला शेक द्यायचा, एवढंच माझं काम. चंद्रावतीबाईंनी साखळी शहराच्या बाजारातून मला मये गावी आणलं, तेव्हा मी लालभडक होते. आता रंग उडाला आहे, बूचही थोडं सैल झालं आहे. कंबर, पोट, गुडघा, काहीही दुखलं की बाई जनेलाजवळच्या, म्हणजे खिडकीजवळच्या, खिळ्यावरून मलाच काढत. या मानामुळे मी जरा फुगलेच होते.

गेल्या गणेश चवथीच्या आदल्या दिवशी बाईंचे यजमान गोकुळदास माटोळी बांधत होते. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती लाकडी चौकट. तिला रानातली फळं, नारळ, सुपाऱ्या लटकवायच्या. स्टुलावर उभं राहून त्यांनी गाठ ओढली आणि सुपारीचा घड सुटून थेट डाव्या डोळ्यावर आला.

"हलू नकात, शेक दितंय," म्हणत बाईंनी मला भरलं. मी जीव लावून शेक दिला. पण डोळा बरा व्हायच्या ऐवजी सुजतच गेला आणि पार मिटला.

"गो चंद्रावती, फाल्यां गणपतीक कसो बघतलंय?" उद्याच गणपती बसायचा, याची गोकुळदासांना काळजी लागली. बाईंनी मुलीला हाक मारली.

मुलगी सेजल दोघांना गाडीत घालून डॉक्टरांकडे घेऊन गेली. घाईत मी बाईंच्या हातातच राहिले. डॉक्टरांनी पापणी हलकेच उघडून बॅटरी मारली. नजर शाबूत होती. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"ही आत्ता नको. कातडीखालच्या बारीक शिरा फुटून रक्त साचलंय, उबेने सूज वाढते. पहिले दोन दिवस फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा थोडा वेळ धरा. डोळा दाबू नका, चोळू नका. एकाचे दोन दिसले, धूसर झालं, डोळ्यात रक्त दिसलं, तर तडक या."

मी खिळ्यावर गेले. राग नाही आला, वाईट मात्र वाटलं. बाई तुवाल्यात बर्फ घेऊन नवऱ्याजवळ बसून राहिल्या. चवथीला डोळा वांग्यासारखा जांभळा होता, पण बारीक फट उघडली होती.

"बायलेन मारल्यान काय?" शेजारच्या गौरेशने बायकोवरून चिडवलं. गोकुळदास हसले आणि त्या फटीतून गणपतीकडे बघत राहिले.

दोन दिवस सरल्यावर सूज उतरली आणि माझी पाळी आली. या वेळी पाणी फक्त कोमट होतं आणि मध्ये फडकं होतं. जांभळा रंग हिरवट झाला, मग पिवळा, मग गेला.

मित्रांनो, मला जपा. काम झालं की पाणी काढून वाळवून ठेवा, मी बरीच वर्षं साथ देईन. फक्त डोळ्याला मार बसला, तर आधी बर्फ शोधा आणि मला खिळ्यावरच राहू द्या. मला थांबता येतं, डोळ्याला येत नाही.